धडा सातवा : वाट विचारणे

तिसऱ्या गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत
आम्ही अकरा नर्सा जर्मन शिकतो.
पुस्तकात एका जुन्या शहराचा नकाशा आहे, रेगेन्सबुर्ग.
नदी निळी, पूल दगडी, चर्चला दोन सुळके,
टाऊन हॉल, मिठाचं कोठार
आणि पलीकडच्या काठावर आठशे वर्षांचं एक इस्पितळ.
खाली प्रश्न:
प्रवाशाला स्टेशनपासून इस्पितळापर्यंत वाट सांगा.
किमान आठ वाक्यं.

रात्री वडगावात माग थांबतात,
गल्लीला पुन्हा ऐकू यायला लागतं,
आणि बाबा कानातला कापूस काढून प्रवासी होतात.
पुस्तक उलटं धरलेलं. मी काही बोलत नाही.
"बाई, मी परगावचा. चुकलोय.
दवाखाना कुठं आला हो हितनं?"
मी सांगतो: गेराडेआउस, म्हणजे सरळ.
टाऊन हॉलपाशी डावीकडं. मग पूल.
"म्हणजे गोवावेसवरनं आत."
तिथं गोवावेस नाही ओ बाबा.
"मग माणूस वळणार कशाच्या खुणेनं?"

म्हणून खुणा मीच दिल्या.
चर्च, आपल्या कॅम्पातलं; एक सुळका उसना घ्या.
मिठाचं कोठार म्हणजे रविवार पेठ, सकाळी,
हमाल पोती उतरवताना.
टाऊन हॉल राहू दे तसाच.
तिथं एकदा एक सभा भरली ती उठायचीच विसरली,
एकशे त्रेचाळीस वर्षं चालू होती.
बाबा पहिल्यांदाच हसले:
"मग आपली केस अजून बारकी म्हणायची."

नदी कुठनं आणायची?
बळ्ळारी नाल्याला कोण नदी म्हणेल.
मग रूळच नदी केले, आणि कपिलेश्वरचा पूल तो दगडी.
त्यांच्या पुलावर म्हणे एके काळी हद्द होती,
अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं.
"त्यात काय," बाबा म्हणाले,
"माझ्या आज्जाच्या वेळी शहापूर सांगलीकरांचं
आणि बेळगाव साहेबाचं.
आज्जा सकाळी एका राज्यात सूत घ्यायचा,
दुपारी दुसऱ्यात चहा प्यायचा.
पाय तेच."

पुण्याच्या हॉस्टेलात हसायच्या मला,
बाई असून "मी येतो" म्हणते ही.
हुक्केरी सरांनी परवा फळ्यावर लिहिलं:
टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी,
मुलगी नपुंसकलिंगी.
गोकाकची महादेवी कन्नडात हसली,
खानापूरची फिलू कोकणीत.
मी हसलो नाही.
वाटलं, चला, जगात आणखी एक व्याकरण आहे
आमच्या गल्लीसारखं आडमुठं.

त्या इस्पितळात आता म्हातारी माणसं राहतात.
त्याच आवारात बिअरही बनते, फोटोखाली लिहिलंय.
हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प.
मग: "म्हाताऱ्यांना कोण उठवतं, बसवतं?"
नर्सा.
"त्यांची पोरं?"
या धड्यात तेवढे शब्द नाहीत.

परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनी खेळ बदलला.
"आता मी तिथला म्हातारा. तू चुकलीस. विचार."
मला आठही वाक्यं पाठ होती.
तोंडात आलं ते एकच, तेही मराठीत:
वडगाव कुठं आलं हो?

बाबांनी उलट्या नकाशावर बोट ठेवलं,
पुस्तकाच्या शिवणीवर, जिथं काहीच छापलेलं नाही.
त्यांना जर्मन एवढंच येतं.
"गेराडेआउस," म्हणाले.
"मग गेट लागंल.
बंद असलं तर थांब जरा. गाडी गेली की उघडतंय."