अर्धी नाल

मोटरसायकल रात्री कधीतरी आडवी झाली.
आवाज आला नाही, ओल्या गवताने गिळला असावा.
साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवायचा असतो
हे मला ठाऊक होतं,
एकावन्न वर्षांच्या बाईला जितकं ठाऊक असतं
आणि दमल्यावर जितकं आठवत नाही, तितकं.

सकाळी तंबूची चेन उघडली तर
ती डबक्यातल्या म्हशीसारखी निवांत पडलेली.
पेट्रोलचा वास,
आणि क्लचचा दांडा मुळापासून दोन बोटांवर तुटलेला.

त्रेगॅरन नऊ मैल मागे.
फोनला रेंज नाही. मेंढ्या मात्र भरपूर,
पंच बसावेत तशा ओळीने, रवंथ करत,
निकाल न देता.

स्विंडनहून निघताना लेकीने विचारलं होतं, एकटीच?
म्हटलं, पडले तर कळवीन.
आता पडलेच होते,
आणि कळवता येत नव्हतं.

तासाभराने एक पांढरी व्हॅन आली.
पुढे गेली. थांबली. उलटी आली.
उतरली ती नेरिस, पण नाव नंतर कळलं.
आधी दिसला चामड्याचा एप्रन,
कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.
काय झालं, हे तिने विचारलंच नाही.
सीटला पाठ लाव, म्हणाली, हँडल धर,
आणि पायांनी रेट, कमरेने नको.
दोघींनी मिळून तिला उभी केली,
चिखल सोडताना गाडीने चक्क ढेकर दिला.

मग तुटका खुंट अंगठ्याने चाचपून
तिने व्हॅनचं मागचं दार उघडलं.
आत ऐरण, गॅसची भट्टी,
झिजलेल्या नालांची बादली.

नालबंद.
शब्द मनात मराठीतच आला,
तीस वर्षं न वापरलेला, तरी न गंजलेला.

आई चौकटीवर काळ्या घोड्याची नाल ठोकायची.
बाबांची बदली झाली की गाव नवं, खोली नवी, नाल तीच.
फार्मसी शिकणारी मी तिला हसायचे.

नेरिसने एक नाल लाल केली, मधोमध तोडली,
अर्धी सहा-सात घावांत सरळ केली,
पाण्यात बुडवली तेव्हा ती फुस्स करून रागावली.
खिळ्यांची भोकं आयतीच होती,
ती खुंटाला जुळवायला ड्रिल लागलं, आणि शिव्या,
वेल्शमध्ये.
शिव्यांना दुभाषा लागत नाही.

तुला उशीर होतोय का, मी विचारलं.
साडेनऊला एक घोडी आहे, म्हणाली.
तिला घड्याळ कळत नाही.
तिच्या मालकिणीला कळतं.

भट्टी निवायच्या आत मी डब्यातली भाजणी भिजवली,
कांदा चाकूने कसाबसा चिरला,
आणि तिच्याच लोखंडी पत्र्यावर थालीपीठ थापलं.
एका बाजूने कोळसा, दुसरीने कच्चं.
तिने उभ्यानेच खाल्लं,
एप्रनवर सांडलेला कांदाही वेचून.

मी पन्नासची नोट काढली.
तिने नोटेकडे असं पाहिलं
जसं सकाळी मेंढ्यांनी माझ्याकडे.
पीठ उरलंय का, एवढंच म्हणाली,
आणि पिशवी एप्रनच्या खिशात कोंबून
निघून गेली, हॉर्नसुद्धा न वाजवता.

एकशे चाळीस मैल ती अर्धी नाल धरून आले.
दर गिअरला हातमोज्यातून टोचायची.
डीलरने नवा दांडा बसवला, एकोणीस पौंडांचा,
आणि विचारलं, हे भंगारात टाकू?
मी जरा जास्तच जोरात नाही म्हटलं.

चौकटीवर ठोकलेली नाही.
आईवर मात होईल, किंवा माझ्यावर, कोण जाणे.
चाव्यांच्या खणात आहे.

लेकीने सगळं ऐकून एकच विचारलं, तिचं आडनाव?
विचारलं नाही.
शिवाय, पाणी कोमट घ्यायचं
आणि पीठ दहा मिनिटं झाकून ठेवायचं,
हेही सांगायचं राहिलं.