नेढ्यापाशी

जरीपटक्याहून ऑटोत, मांडीवर घेऊन आणली ही ओव्हरलॉक.
वरून टॉवेल झाकलेला.
मेडिकल चौक येईतो दोन्ही पाय बधिर.

दया हेमराजानीनं बावीस वर्षं हिच्यावर गाऊन शिवले.
नोटा मोजता मोजता म्हणाली,
"वरचा लूपर रुसका आहे. बाकी काही नाही."
रुसका म्हणजे काय
ते मला घरी आल्यावर सातव्या मिनिटाला कळलं.

साध्या मशीनला एक सुई, खाली एक बॉबिन.
भांडण झालं तरी दोघांचंच.
इथे चार कोन, चार मतं.
लाल ठिपका, हिरवा, निळा, पिवळा,
ज्याची त्याची वेगळी वाट
आणि आधी कोण, मागून कोण, यावर सगळं अडलेलं.
क्रम चुकला की आत कुठेतरी तट्कन तुटतं.
वरून सगळं शहाण्यासारखं फिरत राहतं.

मे महिना. दुपारचे अडीच. कूलरची टाकी कोरडी.
चिमटा घामानं निसटतोय.
यांनी पेपरातून डोकं वर काढलं:
"कायले आणलं हे लफडं? पिको-फॉलवाला मेला का?"
मी बोलले नाही. तोंडात धागा होता.

संध्याकाळी मोमिनपुऱ्याहून अशफाकभाई आले,
सायकलच्या हँडलला तेलाची बाटली.
रुसक्या लूपरला त्यांनी दोन मिनिटांत समजावलं.
उरलेले तीन धागे मी उपसायलाच निघाले होते.
"नाही नाही ताई, काढू नका.
नवा याले गाठ मारा अन् ओढा. हळू.
जुनाच नव्याले वाट दाखवते."

आत जांभळा होता,
कुठल्यातरी शेवटच्या गाऊनचा.
त्याला माझा पांढरा बांधला, चाक हातानं फिरवलं.
जांभळा पुढे, पांढरा मागे,
चकत्यांमधून, हुकांखालून,
माझं बोट पोचत नाही अशा कोपऱ्यांतून.
सुईपाशी गाठ अडली.
"इथं कापा. नेढ्यातून गाठ जात नाही."
एवढं म्हणून त्यांनी पाणी मागितलं,
दोन ग्लास प्यायले.

मग सुरी.
हिला शिवायच्या आधी कापायची सवय,
आणि मला चाळीस वर्षं
चुकलं तर उसवू म्हणायची.
जुन्या चादरीतून यांची बर्मुडा बेतली,
एक घडी खाली राहून गेली,
कच्.
गुडघ्याच्या वर चतकोर चंद्र.
ती शिवण उसवून मी काय करणार होते?
तुकडा तर कूलरच्या वाऱ्यानं पलंगाखाली गेलेला.
तशीच घालून हे दूध आणायला गेले.
परत आले ते म्हणत, "हवा येते, बाप्पा."

आता हात बसतोय.
कडा पकडायची, ओढायची नाही, नुसती वाट दाखवायची.
कापड संपलं तरी ती थांबत नाही,
हवेतच वेणी घालत सुटते,
वीतभर वेणी, कुणाच्याच केसांची नसलेली.
ती कापून मी डब्यात टाकते.
डबा भरत आलाय.

काल बर्मुडा उलटी करून वाळत घातली
तर एका कडेला, सुरुवातीला,
चार बोटं जांभळं.
गाठीच्या अलीकडचं मी शिवूनच टाकलं होतं वाटतं.

दयाला फोन केला, शेड नंबर विचारायला.
"जांभळा? माझा नाही तो.
कुंदाचा असणार. कामाला होती माझ्याकडे.
काळा भर म्हटलं की हूं म्हणायची
आणि गुपचूप जांभळा भरायची.
म्हणायची, आतून कोण बघतंय."
कुंदा आता कुठे असते, विचारलं.
दयाला ठाऊक नव्हतं.

आज गांधीबागेत रिळांच्या दुकानात उभी होते.
पांढऱ्याचे चार कोन त्यानं कागदात गुंडाळले,
सुतळी बांधली, कडेला गाठ मारली.
म्हटलं, थांबा जरा.
सोडा ते.