खिडकी नंबर दोन

सात आठवडे चालला तो सिनेमा मडगावात,
दिवसाला तीन खेळ,
आणि मी तो पाहिला नव्हता.
बाल्कनीची तिकिटं फाडायचो.
पाठीला लाकडी फळी, फळीपलीकडे अंधार.
संवाद अर्धेमुर्धे यायचे, तोंडात घास असल्यासारखे,
संगीत मात्र आरपार.
डबल बास तर मी कानांनी ऐकलाच नाही,
मणक्यांनी ऐकला.

पाचव्या दिवशी लक्षात आलं,
हा माणूस घाई करत नाही.
दुसरे असते तर दार उघडायच्या आधीच
झांज आपटून सांगते, बघा, आता दार उघडणार.
हा कडी वाजू देतो,
बिजागरी कुरकुरू देतो,
आत आलेल्याला चपला काढू देतो,
मग कुठे एक क्लॅरिनेट, अगदी खालच्या पट्टीत,
जणू आधीपासून त्याच घरात बसलं होतं
आणि आता नुसतं घसा खाकरतंय.

डोअरकीपर पास्कू म्हणाला,
"आमच्या कुडतरीचा तो. एर्कुलान बार्रेत.
मेस्तानं दोन वर्षं नुसते सूर म्हणायला लावले,
व्हायोलिनला हात लावशील तर बोटांवर वेत!"
आणि स्वतःचीच बोटं चोळली त्यानं.

मग मी रिळं मोजून ऐकू लागलो.
दुसऱ्या रिळात भांडण आहे, तिथे काहीच नाही, एक सूर नाही.
तिसऱ्यात चेलो काहीतरी विचारतात,
व्हायोलिनं ऐकून न ऐकल्यासारखं करतात,
उत्तर देतो ओबो, उशिरा,
तेही दुसऱ्याच प्रश्नाचं.
आमच्या घरी जेवताना असंच चालायचं.

आणि मध्यंतरानंतर, शेंगदाणेवाला परत गेटापाशी जाऊन बसला की,
ती जागा यायची.
शिंगं चढत जायची, टिंपनी खालून ढकलायची,
सगळा ताफा आता कोसळणार,
इतक्यात हात वर केल्यासारखं सगळं थांबायचं.
एकच व्हायोलिन उरायचं. न थरथरता. दोन सूर.
मी ठरवूनच टाकलं होतं, इथे कुणीतरी जातं.
बहुतेक म्हातारी. कदाचित पोर.
रोज तीन वेळा सुटे पैसे मोजायचे थांबायचो.
"अहो, माझे आठ आणे?"
देतो. देतो हो.

शेवटच्या दिवशी शेवटच्या खेळाला
गर्दी नव्हती. पास्कूनं मला आत ढकललं.
नामावली सुरू झाली,
सुतार, शिंपी, केशभूषा,
आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात काहीतरी.
"तो बघ, तो बघ!" म्हणत
पास्कूनं बॅटरीचा झोत थेट पडद्यावर मारला
आणि त्या उजेडात
नाव पुसून गेलं.

ती जागा आली.
कुणी मेलं नाही.
एक माणूस दुकानाला कुलूप लावतो.
कुलूप ओढून पाहतो, किल्ली खिशात टाकतो,
चार पावलं जाऊन पुन्हा खिसा चाचपतो.
बस, एवढंच.
पाठमोराच आहे तो. चेहरा दिसतही नाही.
पुढच्या रांगेत कुणी जांभई दिली.

पहिल्यांदा तर रागच आला मला.
सात आठवड्यांचं सुतक फुकट!
मग ते दोन सूर आले आणि पाहिलं,
त्याचा हात खिशातून बाहेर येत नाहीये.
हे नटाला सांगितलं होतं कुणी?
की मुंबईतल्या कुठल्या खोलीत, मुक्या रिळासमोर,
कुडतरीच्या त्या माणसाला एकट्यालाच दिसला हा हात,
आणि अठ्ठावीस व्हायोलिनं पगारावर असताना
सत्तावीस जणांना तो म्हणाला, गप्प बसा?

पुढचं काही पाहिलं नाही.
बाहेर आलो.
खिडकी बंद होती, गल्ला पेटीत गेला होता.
तरी स्टूल ओढलं,
पाठ फळीला टेकवली
आणि उरलेली दोन रिळं
तिथूनच ऐकली.