अंगठा पोचतो तिथवर

पहिला पडदा मी काढला पाठकोऱ्या बिलावर.
फोन कागदावर ठेवला, भोवतीनं पेन्सिल फिरवली,
जशी आक्का तेंदूच्या पानावर पत्रा ठेवते
आणि कडेकडेनं कात्री.

काय करालीस गं?
ॲप.
कशाचं?
तुमच्या विड्यांचं. पान किती मिळालं, विड्या किती दिल्या,
छाट किती गेली.
छाट काढणाऱ्याला विचारलंस काय, म्हणाली,
आणि दोरा दातानं तोडला.

कोल्हापूरच्या तीन महिन्यांच्या क्लासात
जे जे शिकले ते सगळं ओतलं त्यात:
सरकता मेनू, कोपऱ्यात तीन रेघा,
बटणांखाली सावल्या,
आणि अक्षरं फिकट करडी.
करडा रंग तेव्हा मला फार शहाणा वाटायचा.

निपाणीत, शमशादभाभीच्या कट्ट्यावर,
पाचजणींच्या मांडीवर पाच सुपं,
मधे माझा फोन.
तीन रेघांना कुणी हात लावला नाही.
गंगव्वानं फोन लांब धरला, मग जवळ,
मग पदरानं पुसला.
करडी अक्षरं तिला धूळ वाटली होती.
शेवंताक्कानं बोट टेकवलं. काही नाही.
परत, जोरात.
बोटावर पत्र्याचं नख, विडीचं तोंड मोडायचं.
काचेला कातडीच कळते, म्हटलं.
तिनं नख काढलं,
पण तंबाखूनं निबर झालेलं ते टोक
काचेला अर्धंच कळलं.
फोन तिनं माझ्याकडं सरकवला,
छाट बाजूला सारतात तसा, न बोलता.

रात्री मेनू काढला. सावल्या काढल्या.
सात पडद्यांचे दोन केले.
बटण वाढवत नेलं, काडेपेटीएवढं झालं तरी थांबले नाही.
आक्का झोपली होती. तिचा हात उचलून
फोन त्यात बसवला
आणि अंगठा कुठवर जातो ते बघितलं.
वरचे दोन्ही कोपरे तिच्या मुलखाबाहेर.
तिथं तारीख ठेवली, जिला कुणी हात लावत नाही.
बाकी सगळं खाली उतरवलं.

राहिली भाषा.
मला 'हिशेब', गंगव्वाला 'लेक्क'.
मराठीचं बटण वरून कापलं जायचं, वेलांटीशी,
कन्नडचं खालून,
तिथं अक्षराच्या पायाशी अक्षर बसतं.
दोघींना पुरेल एवढी उंची दिली. तेवढं सोपं होतं.
पण आधी कुठली?
ह्या प्रश्नावर आमच्याकडं पाट्यांना काळं लागलंय,
एसट्या अडल्यात.
फोनलाच ठरवू दे म्हटलं, ज्या भाषेत तो आहे ती.
तर पाचांतले चार फोन इंग्रजीत निघाले,
पोरांनी लावून दिलेले.
शेवटी दोन्ही शेजारी ठेवली, एका मापाची.
शमशादभाभीनं बघितलं, हसली,
"और हमारी?"
तिची अजून बसत नाहीय पडद्यावर.
बटणं बारीक केली तर शेवंताक्काचं बोट चुकतं.

मुकादम अंगठाछाप म्हणायचा ह्यांना,
गंगव्वाला तिच्या भाषेत, हेब्बेट्टु.
हजेरीच्या वहीत निळे डाग, ओळीनं.
क्लासात सर फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहायचे,
अंगठ्यासाठी आखा.
तेव्हा मी ते फक्त उतरवून घेतलं होतं.

काल आक्कानं शाई न लावता अंगठा टेकवला.
बटण दबलं. आकडा आला: छाट, चाळीस.
तिनं परत दाबून बघितलं. चाळीसच.
"तो साठ म्हणाला होता."
सूप खाली ठेवलं. भर दुपारी. मी पहिल्यांदाच बघितलं.
"मागच्या आठवड्याची दाखव की.
त्याच्या मागची बी."

मागं जायचं बटण मी ठेवलंच नव्हतं.
बिल उलटं केलं, फोन ठेवला त्यावर,
पेन्सिल शोधतेय.