विषय क्रमांक चार

रविवारी साडेदहाला ग्रामसभा, शाळेच्या वर्गात.
फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच.
मी खिडकीशी, पुढ्यात वही.
इतिवृत्त लिहिते मी, अकरा वर्षं झाली.

विषय क्रमांक चार :
वरल्या वाड्यावरच्या विहिरीला तांबडं पाणी येते,
त्याबाबत विचार करणे.

रोहिदास माईणकर उठला.
म्हणाला, खाणीच्या अंगानं झिरपतंय, कुणीतरी तपासा.
वाक्य अजून त्याच्या तोंडात होतं
तोच पुंडलिकनं मागून टाकलं, "विकासविरोधी!"
"आणि तू कंपनीचा दलाल," तिसराच कोणी.
मग बाकांवर हात आपटू लागले.
इनास बोलायला उभा राहिला तर
"बस रे सकयल, पाखल्या, वच लिस्बनाक."
त्याच्या आज्यानं खणलेली विहीर ती,
झरा कुठल्या अंगाला आहे
हे सभेत त्याला एकट्यालाच माहीत होतं.
तो बसला. झरा त्याच्यापाशीच राहिला.

सिद्दव्वानं पहिल्यांदाच हात वर केला होता.
रोज सात घागरी काढते ती त्या विहिरीतून.
"घाटयांक कित्याक विचारता?"
कोपऱ्यातून आलं, हसत.
माझी आई चंदगडची.
गावात सगळ्यांना ठाऊक,
म्हणून चौघांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
ते न पाहणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

असले शब्द वहीत घेत नाहीत.
मी लिहिलं : विषयावर सविस्तर चर्चा झाली.
मागची पानं चाळली.
रस्त्यावर सविस्तर, भाषेवर सविस्तर,
स्मशानाच्या वाटेवर तर दोनदा सविस्तर.

शब्द वहीत आले नाहीत तरी बाहेर चिकटले,
फणसाच्या चिकासारखे.
हात धुवावा तर बोटं एकमेकांनाच धरून बसतात.
चहाच्या गाड्यावर रोहिदास गेला की
"विरोधी आयलो, ताका एक मिरची भजी."
तोही हसतो. पैसे मोजून ठेवतो.
आता त्या गाड्यावर तो पाण्याचं काढत नाही.

बुधवारी रात्री पुंडलिक माझ्या दारात.
त्याचा ट्रक खाण थांबल्यापासून आंब्याखाली उभा,
टपावर वेल चढलेला, हप्ते मात्र चालू.
"ताई, तो शब्द लिहिलात?"
कुठला?
"मला म्हणाले तो."
नाही.
उंबऱ्याशी घुटमळला.
"आणि मी म्हटलेला?"
तोही नाही.
मग म्हणाला, लिहायला हवा होता.
कुठला ते मी विचारलं नाही.

पाणी मागितलं. तांब्या दिला.
दिव्याच्या उजेडात आत बघत राहिला,
तळाशी बसायची वाट बघतात तसा.
प्याला. तोंड पुसलं.
रोहिदासकडे जातो असं काही म्हणाला नाही.
गेला तो खालच्या वाटेनं, आपल्या घरी.

मी वही काढली.
विषय क्रमांक चार
पुढल्या सभेत पहिला घेण्यात यावा,
बोलणाऱ्यानं आधी विहिरीवर जाऊन यावं,
असं ठरलं, म्हणून लिहिलं.
असं काही ठरलं नव्हतं.
खाली सही केली,
आणि शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.