वेला, स्त्रीलिंगी

लिहायचा व, म्हणायचा ब.
दर गुरुवारी, बुरेला बंदरात, मच्छीमार संघाच्या माडीवर
ओब्दुलिया बाई फळ्यावर शब्द काढतात.
चाळीस वर्षं जाळी सांधून बोटं गळासारखी वाकलेली,
खडूसुद्धा सुईसारखा धरतात.
'ला वेला. मेणबत्ती. लिही, तार्सोनो.'

लिहिलं. खाली माझ्या भाषेत: लिलिन.
सोपा शब्द. तेगलला वीज गेली की
आई बशीत मेण पाडून उभी करायची, तीच ही.

पुढच्या गुरुवारी तिला शीड फुटलं.
'वेला. होडीचं शीड.'
बाई, पण ही तर मेणबत्ती होती!
'तीही आहे, हीही आहे.
दोन वेगळ्या घरच्या पोरी, लॅटिनातून पायी निघाल्या,
वाटेत नावं झिजली, दोघींचं एकच झालं.'
मागच्या बाकावर एलादिओ, बाईंचे यजमान,
हीटर लावायला यायचे आणि तिथेच बसून राहायचे,
म्हणाले, शिडं कुठली आता, सगळं डिझेल.
शब्द तेवढा अजून वारा खातो.

मग वहीचं ते पान भरतच गेलं.
रात्र 'एन वेला' काढणं: डोळ्याला डोळा नाही.
हे मला आयर्लंडच्या बाजूला गळ ओढताना
आधीच कळलं होतं, नाव तेवढं नव्हतं.
'दोन वेलांवर' असणं: खिसा रिकामा.
म्हणजे महिन्याची वीस तारीख,
पैसे घरी पाठवल्याचा दुसरा दिवस.
आणि पोराच्या नाकातून ओठावर उतरलेला शेंबूड,
तोही वेला. अनेकवचनी.
एलादिओनी नाकाखाली दोन बोटं लोंबवून दाखवली
तेव्हा मामादू बाकावरून पडता पडता राहिला.

फेब्रुवारीत एलादिओ गेले.
दोन रात्री बाई एन वेला.
तिसऱ्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी तिरका पाऊस,
मी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानातून
एक मेणबत्ती घेऊन उभा. कशी धरतात ते माहीत नव्हतं,
इतर कुणाच्याच हातात नव्हती
हेही उशिराच लक्षात आलं.

पुतण्या आला होता माद्रिदहून, चांगल्या बुटांत.
सगळ्यांना सांगत होता: काका हट्टी,
डॉक्टरची पायरी म्हणून चढला नाही.
मी म्हणालो, 'फुए.'
गेले होते. दोनदा. हात माझ्या खांद्यावर होता,
दुसऱ्या वेळी जास्त जड.

तो वळला. मला वरून खाली पाहिलं.
'आणि तुला रे, या मयतीत वेला कुणी दिली?'

प्रश्न सरळ होता. सगळे शब्द ओळखीचे.
पहिल्यांदाच बाहेरच्या जगात
एक अख्खं वाक्य मला कळलं होतं.
मी मेणबत्ती वर धरली:
'कुणी नाही, साहेब. मीच विकत घेतो. एक युरो वीस.'

पाऊस ऐकू आला.
कुणीतरी खोकलं. पाद्री बुटांकडे पाहू लागला.
आणि काळ्या छत्रीखालून एक आवाज निघाला,
आधी मला हुंदका वाटला,
पण बाई हसत होत्या. खांदे हलेपर्यंत,
छत्री हलून शेजारणीच्या मानेवर पाणी पडेपर्यंत.

नंतर, गर्दी पांगल्यावर, त्यांनी अर्थ सांगितला:
मध्ये बोलणारा तू कोण, असं विचारलं त्याने.
माझे कान तापले.
'वहीत लिही. सहावा अर्थ.
आणि कोम्प्रो नाही, तार्सोनो. कोम्प्रे.
घेतो नव्हे. घेतली.'
माझ्या हातातली ओली वात त्यांनी चिमटीने सरळ केली,
जाळ्याचा धागा करतात तशी.

'फुए मात्र बरोबर होतं,' त्या म्हणाल्या.
'त्याचा अर्थ गेला, असाही होतो.
होता, असाही.
ते पुढच्या गुरुवारी.'