दोन वह्या

औसा रोडच्या नाक्यावर सकाळी सातला
थापी-ओळंबा घेऊन व्यंकट उभा राहायचा
आणि नऊशेला म्हणायचा, "न्हाई जमत.
हजार. न्हाईतर चाललाव घरी."
तेव्हा तसं म्हणता यायचं.

मग ट्युशनवाल्यांच्या होस्टेलांचे मजले चढू लागले
अन् पूर्णियाहून पोरं आली,
बावीस जणं, एका पत्र्याच्या शेडात.
बिराजदार ठेकेदार म्हणाला,
यांना इथं ना कुणाची मयत, ना पंचमी, ना पोराचं जावळ.
सातशे. वर रात्रीचा स्लॅब.

व्यंकट आठ दिवस घरी बसला.
नवव्या दिवशी गेला.
कितीवर, ते सांगितलं नाही.
मी त्याच्या हजेरीवहीत वाचलं:
आधी नऊ लिहिलेला,
त्यावरच सात गिरवलेला.

मीही तिथंच घमेली वाहायचे, साडेतीनशेवर.
लखिंदर नावाचं पोर पोत्यावर बसून
अर्धा कच्चा भात खाताना दिसलं.
दुसऱ्या दिवशी चार डबे नेले.
आता बावीस.
सरसूचं तेल इथं कुठलं, मी करडीचंच वापरते,
ते नाक मुरडतात अन् ताट पुसून खातात.

माझीही वही आहे.
पोरीच्या शाळेतली उरलेली, अर्धी गणिताची.
महिनाअखेरीला माझी बेरीज त्याच्याहून मोठी निघते.
मी ती मोठ्यानं वाचत नाही.

डबे पोचवतो तोच, सायकलवर,
ज्यांच्यामुळं भाव पडला त्यांनाच.
कुणी हटकलं तर म्हणतो, "बायकोचा धंदा हाय,"
आणि उगीच चाकाची हवा बघतो.

भाऊ माझा हुबळीकडं रस्त्याच्या कामावर.
फोनवर म्हणाला, इथले गडी आमच्याकडं बघून थुंकतात, अक्का,
म्हणतात, तुम्ही आलात अन् रोज उतरला.
मी एवढंच विचारलं,
जेवायला कोण घालतं रे?

काल लखिंदर दारात आला, चप्पल बाहेर काढून.
मराठी आता बरी येते त्याला.
"काकी, झारखंडचे दहा जण आलेत.
सहाशेवर तयार झालेत.
त्यांचा डबा लावू नका."

आत व्यंकट थापी घासत होता.
घासायचा थांबला.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
दहा माणसं म्हणजे एका वेळेला दीड किलो तांदूळ जास्त,
एवढी बेरीज तोंडीच होते.

रात्री दिवा घालवल्यावर व्यंकट म्हणाला,
सायकलचं कॅरेज
जरा मोठं बसवावं का?